पाण्याचा हिशेब कोणापाशी?

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, तेव्हा प्रत्येक ग्रामीण घरी नळ आणि दर माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्यासाठी २०२४ ही मुदत घालण्यात आली होती. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने ती २०२८पर्यंत लांबवली. मुदतवाढीचे आपल्याकडे कोणास नवल वाटत नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. नळयोजनांवर संवेदक बसवून पाण्याचे प्रमाण, दाब व शुद्धता दुरून मोजावी आणि ती माहिती संगणकाच्या पडद्यावर आणावी, अशीही कल्पना या मिशनने पुढे ठेवली आहे. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्यात तिचा उपयोग कोणाला होणार, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या भागातील पाण्याच्या मागणीला एक विलक्षण वळण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि गळीत हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडी परततात. म्हणजे विहिरींना पाणी असते त्या दिवसांत घरांना कुलपे, आणि विहिरी तळाला जातात तेव्हा गाव भरलेले! वर्षाच्या सरासरीत हे कोठेच उमटत नाही. शिवाय पाणीपट्टी बहुधा वर्षाची ठोक असते. सहा महिने कुलूपबंद असलेल्या घरालाही ती बारमाही शेजाऱ्याइतकीच पडते. वापर मोजून आकारणी झाली, तर सर्वांत आधी न्याय मिळेल तो या मजुराला. मीटर म्हणजे गरिबाच्या खिशाला कात्री, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही बाजू ध्यानात घ्यावयास हवी.

तथापि यंत्र काय मोजते, याचाही विवेक हवा. टंचाईच्या काळात टँकरवर जीपीएस बसवण्याचे बंधन राज्य सरकारने घातले. हेतू रास्तच होता. फेऱ्या कागदावर मारून बिले काढण्याची विद्या मराठवाड्याला अपरिचित नाही. परंतु जीपीएस गाडीचा प्रवास सांगते. टाकी भरलेली होती की अर्धी, पाणी गावच्या विहिरीत पडले की वाटेतच कोणाच्या शेततळ्यात, याविषयी ते मौन पाळते. ते सांगू शकतील अशी माणसे विहिरीच्या काठावर घागरी घेऊन उभी असतात, पण त्यांच्यापुढे पडदा नसतो.

नळाच्या मीटरचीही तीच कथा. आठवड्यातून एकदा पाणी सुटणाऱ्या वाहिनीत मधल्या काळात हवा भरते. पाण्याच्या रेट्याने ती बाहेर पडताना साधे मीटर फिरवते आणि हवेचेही बिल येते. कराडनजीकच्या मलकापूरने दूरवाचनाचे मीटर बसवले, वापराबरोबर चढत जाणारे दर लावले, आणि लोकांनी ते मानले, याचे कारण तेथे पाणी चोवीस तास होते. याउलट तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१४ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपवण्यात आला. जायकवाडीहून नवी जलवाहिनी येण्यापूर्वीच दरांचा व मीटरचा वाद पेटला आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. दोन्ही ठिकाणी मीटर हे मीटरच होते. फरक क्रमाचा होता.

वडवणीच्या खेड्यांत हा क्रम कोठून सुरू व्हावा? घराघरांतील मीटरपासून खचितच नव्हे. गावच्या टाकीत किती पाणी चढले, वस्तीच्या वाहिनीत किती सुटले आणि उद्भवाच्या विहिरीची पातळी किती उतरली, एवढ्या तीन गोष्टी मोजल्या तरी आरंभाला पुरेत. त्यांतून गळती कळेल आणि टँकरची मागणी तहान लागण्यापूर्वी करता येईल. मात्र संवेदकाला वीज लागते, मोबाइलची लहर लागते आणि दुरुस्तीला माणूस लागतो. पंपाचे वीजबिल थकल्यामुळे योजनाच बंद पडली, तर संवेदक अचूकपणे शून्य दाखवील, इतकेच. ठेकेदाराची देखभालीची मुदत संपल्यावर हे यंत्र तुटपुंज्या मानधनावरील जलसुरक्षकाच्या गळ्यात पडणार. त्याचे प्रशिक्षण आणि मानधन यांची तरतूद यंत्राच्या खरेदीबरोबरच झाली पाहिजे.

याहून महत्त्वाचा प्रश्न माहितीच्या दिशेचा आहे. आजची सारी रचना आकडे वर पाठवण्यासाठी आहे: गावाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून मुंबईला आणि दिल्लीला. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पिण्याचे पाणी पंचायतींच्या विषयसूचीत घातले. तेव्हा हिशेबाचा पहिला धनी गाव ठरतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठवड्याचा आकडा खडूने लिहावयास फारसा खर्च येत नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ऊसतोड कुटुंबे फडावर असतात. १ मेच्या सभेला ती बहुतांशी गावात असतात, आणि विहिरीही तेव्हाच आटत असतात. वर्षभराचे आकडे मांडायचे, तर ते त्या सभेत मांडावेत.