फुलांचा हप्ता

मोठ्या पुतणीच्या लग्नाला तीन वर्षं होत आली. तिचा मुलगा आता घरभर पळतो. पण तिच्या लग्नात स्टेजवर लावलेल्या फुलांचा हप्ता माझा भाऊ परवापरवापर्यंत भरत होता. आणि ती फुलं खरी नव्हतीच.

भाईजान चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर आहेत. निकाह ठरला डिसेंबरात, ऐन लग्नसराईत. डेकोरेटरने मोबाइलवर फोटो दाखवले. पांढऱ्या-गुलाबी फुलांची भिंत, वर झुंबर, पुढे सोफा. पॅकेज 65,000 रुपये. भाईजान गप्प झाले. भाभी म्हणाल्या, "लोगां क्या बोलेंगे?" या तीन शब्दांपुढे आपल्या समाजात अजून कुणाचं चाललेलं नाही. व्याजाने पैसे काढले. लग्नाच्या दिवशी मी त्या भिंतीला हात लावून बघितला. सगळं कापड आणि प्लास्टिक. ताजी फुलं होती ती फक्त हारांत, आणि ते हार आम्हीच वेगळे आणले होते.

मला राग डेकोरेटरचा नाही. तो धंदा करतो. तीच भिंत तो आज आपल्याकडे, उद्या दुसऱ्याकडे उभी करतो आणि दर वेळी पूर्ण भाडं घेतो. राग आपला आहे. व्याज हराम म्हणून जुम्म्याच्या बयानात माना डोलावणारे आपण, प्लास्टिकच्या फुलांसाठी व्याज भरतो!

हे घडतं कुठे, तेही बघा. चाकणपासून वीसेक किलोमीटरवर तळेगाव दाभाडे. तिथे एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे. मावळातल्या पॉलिहाउसमधला गुलाब 14 फेब्रुवारीच्या आधी परदेशात जातो. आपल्या दारातलं फूल विमानात बसतं आणि आपल्या मुली प्लास्टिकपुढे उभ्या राहून फोटो काढतात. प्लास्टिकच्या फुलांनी फूल उत्पादक शेतकऱ्याचा भाव पाडला, ही तक्रार 2025 मध्ये विधिमंडळापर्यंत गेली. त्यात आपलाही हातभार आहे.

यावर आपल्यातले काही दीनदार लोक म्हणतात, फुलंच नकोत, तो इसराफ आहे. मला हे पटत नाही. वलीम्याला सहाशे माणसं बोलवून उरलेल्या बिर्याणीच्या देगी रिकाम्या करायला जागा शोधतो, तेव्हा इसराफ आठवत नाही. मुलीच्या केसातला गजरा दिसला की आठवतो. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. कुणी सुगंधी फूल किंवा रैहान देऊ केलं तर नाकारू नका, कारण ते उचलायला हलकं आणि वासाला छान असतं, असा तिचा आशय. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. फूल हलकं असतं. ज्या फुलाचा हप्ता तीन वर्षं चालतो, ते फूल राहिलेलं नाही.

मग धाकटीचा निकाह ठरला तेव्हा मी भाईजानना म्हटलं, "या वेळी फुलांचं माझ्याकडे द्या."

पहिला प्रश्न तारखेचा. फुलांचा भाव मुहूर्तावर ठरतो. दाट तिथीला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गुलाब आणि निशिगंध चढतात, हॉलही मिळत नाहीत. निकाहला मुहूर्त लागत नाही. तरी आपण त्याच गर्दीत घुसतो आणि चढ्या भावाने घेतो. 2025 मध्ये आषाढ आणि मोहरम जवळजवळ एकत्र आले. आषाढी एकादशी आणि आशुरा तर एकाच दिवशी, 6 जुलैला. त्यानंतर हिंदूंची लग्नं थांबलेली, हॉल रिकामे, फुलांना उठाव नाही. मी 13 जुलैचा रविवार सुचवला.

घरात वादळ झालं. "मोहरम में शादी?" खालाजान तर रडल्याच. शिया बांधवांचा शोक आहे, त्याचा मान राखायलाच हवा. पण आम्ही सुन्नी, आमच्यात मोहरम, सफरमध्ये निकाह करू नये हे कुठून आलं? सफर अशुभ मानण्याचा समज तर पैगंबरांनीच खोडून काढला. जुन्या अरबांना शव्वालमधलं लग्न अशुभ वाटायचं. हजरत आयशांचा निकाह शव्वालमध्येच झाला आणि त्या ते अभिमानाने सांगत. शेजाऱ्यांना पंचांगावरून हसणारे आपण, आपलं वेगळं पंचांग उराशी धरून बसलोय. शेवटी मौलानांनीच हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा घर शांत झालं.

आदल्या दिवशी भाचा टेम्पो घेऊन तळेगावला गेला. निर्यातीच्या गुलाबाला लांब दांडा आणि बंद कळी लागते. आखूड दांड्याचा, उमललेला गुलाब तिथे मागे राहतो. स्टेजला नेमका तोच हवा. 20 फुलांची जुडी 80 रुपयांना, अशा 30 जुड्या घेतल्या. निशिगंध, झेंडू आणि कामिनीचा पाला मार्केट यार्डातून. रात्री घरातल्या पोरींनी खालची पानं काढली, दांडे तिरके कापले आणि बादल्यांत पाण्यात ठेवले.

भिंत करायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. फुलं तीनच जागी ठेवली. नवरा-नवरीच्या अंगावर, निकाहनाम्यावर सह्या होतात त्या टेबलावर आणि स्टेजच्या दोन कोपऱ्यांत. मागे साधं पांढरं कापड. फुलं 4,000, पाला 700, टेम्पो 1,200, हार, सेहरा आणि गजरे ओवायची मजुरी 2,500, बांबू आणि कापड 3,500. एकूण 11,900 रुपये. हॉलभर निशिगंधाचा वास होता. कुणी काही बोललं का? बोलले. एक चाची म्हणाल्या, "सादा है." त्यांनीच जाताना गुलाबाच्या दोन जुड्या मागून नेल्या.

आपल्या पुण्यातलीच एक गोष्ट सांगते. जोतिरावांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवायचा धंदा, म्हणून आडनाव फुले पडलं. फुलांवर पोट चाललेल्या त्या घरातल्या माणसाने 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय, कर्जाशिवाय लग्नं लावून दाखवली. गरिबाच्या घरात सावकार कोणत्या दाराने शिरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या दाराने.

तेव्हा मुलीच्या बापांना माझं सांगणं आहे. फुलं जरूर घ्या, ताजी घ्या, खिशात असतील तेवढ्याचीच घ्या. आणि मुलाच्या बापांनो, "स्टेज अच्छा होना" एवढं एक वाक्य तुम्ही गिळलंत, तरी समोरच्या घरातला एक हप्ता वाचतो.

धाकटीच्या निकाहनंतरच्या सोमवारी भाईजान नेहमीसारखे पहिल्या पाळीला गेले. या वेळी डोक्यावर नवं कर्ज नव्हतं. घरात बादलीतले उरलेले गुलाब गुरुवारपर्यंत टिकले.