नैवेद्याची करंजी: तळलेली की भाजलेली?

दिवाळीत राहू बेटात कीर्तनास गेलो की कुणी आजी हटकून विचारतात, ‘बुवा, सूनबाईनं करंज्या ओव्हनमध्ये भाजल्या, देवाला चालतील का?’

अवश्य चालतील, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘पक्वान्न’ हा शब्द ‘पच्’ धातूपासून आला. त्याचा अर्थ शिजवलेले अन्न एवढाच. त्यात कढईची अट नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ आणि पाणीही स्वीकारतात. अट आहे ती भक्तीची.

तळल्याने ओलावा जातो आणि फराळ टिकतो, हा व्यवहार झाला. तो धर्म नव्हे. पारीला तुपाचे मोहन घालून, वरून तुपाचा हात फिरवून करंजी १८० अंशांवर २०-२५ मिनिटे भाजली, तर तीही खुसखुशीत होते. सारणातील साखर-खोबरे मात्र तेवढेच राहते, हे विसरू नये.

प्रसाद सर्वांच्या मुखी पडावा, हेच त्याचे प्रयोजन. डॉक्टरांनी तळण वर्ज्य केलेले आजोबा सणाच्या पानावर हात आखडून बसत असतील, तर त्या घरचा नैवेद्य अपुराच राहिला, असे आम्ही मानतो.