‘होतंय’ म्हणजे नक्की किती झालं?

फेब्रुवारी महिन्यात आमच्या होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर जा, फायनल इयरच्या कुठल्याही खोलीचं दार वाजवा आणि विचारा, "काय राव, प्रोजेक्टचं कुठवर आलं?" उत्तर ठरलेलं आहे. "होतंय की! नव्वद टक्के काम झालंय." मार्चमध्ये पुन्हा विचारा. तेव्हाही नव्वदच! सबमिशनच्या आदल्या रात्री तोच गडी डोळे लाल करून, हातात सोल्डरिंग आयर्न धरून बसलेला दिसतो आणि तेव्हा कळतं, की त्या नव्वदातले चाळीस अजून व्हायचेच होते.

आपण यावर हसतो आणि सोडून देतो. मला मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. पुढच्या वर्षी आपल्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत असतील. तीन-चार वर्षांत काहींच्या कार्डावर ‘टीम लीड’ असं छापून येईल. मॅनेजमेंटच्या विषयात आपल्याला बार चार्ट, पर्ट, सीपीएम शिकवतात. गणितं मार्क देणारी असतात, सुटतातही. पण त्या चार्टात भरायचा आकडा माणसांकडून खरा कसा काढायचा, हे कुठल्याच युनिटमध्ये नाही. माझ्या मते टीम लीडरचं पहिलं काम तेच. ‘माझं अडलंय’ हे दोन शब्द टीममधल्या माणसाला न घाबरता आणि वेळेत बोलता आले पाहिजेत. कामाची वाटणी, तारखा, मीटिंगा हे सगळं त्यानंतर.

आता आपल्याकडे ग्रुप लीडर होतो कसा ते बघा. ज्याचा पॉइंटर जास्त तो लीडर. किंवा ज्याच्याकडे बाइक आहे तो, कारण सामान आणायला जावं लागतं. (या दुसऱ्या पद्धतीत निदान काही तर्क आहे!) मग एक जण काम करतो, एक जण ब्लॅक बुकाच्या बाइंडिंगला धावतो, एक चहा पाजतो आणि चौथा सही करतो. याबद्दल आपल्या अंकात दरवर्षी विनोदी लेख येतोच, तेव्हा मी त्यात शिरत नाही.

गेल्या वर्षीची आमच्या विंगमधली एक गोष्ट सांगतो. नावं नकोत. चार सीनियर्सचा ग्रुप, चौघंही कामाचे. शेतातल्या विहिरीवरचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करायचा आणि पाणी संपलं तर तो आपोआप थांबवायचा, असा प्रोजेक्ट. चौघांपैकी एकाकडे बोर्ड होता. टेबलावर बल्ब लावला की सगळं सुरळीत चालायचं. खरा पंप जोडला, स्टार्टर खटकन ओढला गेला, की मायक्रोकंट्रोलर रीसेट! सात आठवडे तो पोरगा एकटा झुंजत होता. ग्रुप लीडर दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचा, "सगळं ओके ना?" आणि चार अंगठे यायचे. त्यातला एक अंगठा सात आठवडे खोटा होता.

तो का बोलला नाही? मी नंतर त्याला विचारलं. सुरुवातीला एकदा त्याचा एक पार्ट उशिरा आला होता, तेव्हा लीडर गाइड सरांसमोर म्हणाला होता, "सर, याच्यामुळे थांबलंय." एवढंच. त्यानंतर या पठ्ठ्याने ठरवून टाकलं, की जमेपर्यंत बोलायचं नाही. लीडर वाईट मुलगा नव्हता. पण त्या एका वाक्याची किंमत सात आठवडे झाली.

डेमोला बारा दिवस राहिले तेव्हा सगळं बाहेर आलं. मग आपल्या होस्टेलच्या रीतीप्रमाणे विंग मदतीला धावली. चार जण आणखी बसले. पहिल्या दोन रात्री काय झालं? ज्याला बोर्ड माहीत होता तो एकटाच, आणि तो बाकीच्यांना सर्किट समजावत बसला. आपलं काम बाजूलाच राहिलं!

यामागे साधं गणित आहे. टीममध्ये चार माणसं असली तर आपापसांत बोलायच्या जोड्या होतात ६. आठ झाली की २८. माणसं दुप्पट, बोलणं चौपटीहून जास्त. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या कॉम्प्युटरचं आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हा त्यातला निष्कर्ष ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून ओळखला जातो. आमच्या विंगने तो दोन रात्रींत सिद्ध करून दाखवला.

शेवटी लॅबमधल्या काकांनी बोर्ड बघितला. रिलेची कॉइल आणि कंट्रोलर एकाच सप्लायवर, आणि कॉन्टॅक्टवर स्नबर नाही. काकांनी सप्लाय वेगळा करायला लावला, रेझिस्टर आणि कपॅसिटर लावून दिला. अर्धा तास! डेमो कसाबसा झाला, पण पाणी संपल्यावर पंप थांबवायचा भाग राहूनच गेला. मार्क गेले त्याचं फार काही नाही. तीन वर्षं एका खोलीत राहिलेले ते दोघं होस्टेल सोडेपर्यंत मेसमध्ये एका टेबलावर बसले नाहीत, हे मला जास्त लागलं.

असं फक्त पोरासोरांच्या प्रोजेक्टमध्ये होतं असं समजू नका. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. कारण होतं बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग, जी थंडीत कडक होऊन नीट बसत नाही. हे कुणाला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनियर रॉजर बॉइसजॉली यांनी १९८५च्या जुलैमध्येच तसा लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवरच्या बैठकीत तिथल्या इंजिनियरांनी एवढ्या थंडीत उड्डाण नको असं सांगितलं. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. मग कंपनीचे मॅनेजर आपसांत वेगळे बोलले आणि त्यांनी होकार कळवला.

पुढे चौकशी समितीतले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी एक गोष्ट उघड केली, ती मला त्या ओ-रिंगपेक्षाही भयंकर वाटते. यान गमावण्याचा धोका किती, असं विचारल्यावर काम करणाऱ्या इंजिनियरांचे अंदाज शंभरात एकच्या आसपास होते. व्यवस्थापनाचा आकडा होता लाखात एक! यान तेच, धोका तोच. बातमी खालून वर जाताना शंभराचे लाख झाले. आमच्या विंगमध्ये पन्नासाचे नव्वद होतात, इतकाच फरक.

उलट उदाहरण टोयोटाचं. तिथल्या असेंब्ली लाइनच्या कडेने एक दोरी बांधलेली असायची (काही कारखान्यांत आता बटणं आली आहेत). काही गडबड दिसली की कामगाराने ती ओढायची. साधा कामगार हं, सुपरवायझर नव्हे. दिवा लागतो आणि त्या चार-पाच जणांचा टीम लीडर धावत येतो. गाडी ठराविक रेघेपर्यंत पोचायच्या आत प्रश्न सुटला तर लाइन चालूच राहते, नाही सुटला तर थांबते. यात मला आवडतं ते लीडरचं धावत येणं. तिथे लीडरची व्याख्याच ती आहे: दोरी ओढली की जो येतो तो. आणि आल्यावर तो पहिल्यांदा "कुणी केलं?" असं विचारू लागला, तर उद्यापासून दोरीला कुणी हातही लावणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, दर इंडक्शनला ऐकवतात. १० ऑगस्ट १९७९ला एसएलव्ही-३चं पहिलं उड्डाण फसलं, तेव्हा प्रोजेक्ट डायरेक्टर कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले. १८ जुलै १९८०ला यश मिळालं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. भाषणात यावर टाळ्या पडतात. पण मधल्या अकरा महिन्यांबद्दल कुणी बोलत नाही. आपली मान वाचवायची काळजी नसेल, तरच माणूस नेमकं काय चुकलं ते उघडपणे मांडू शकतो. धवन सरांनी टीमला ती मोकळीक दिली, हा त्या गोष्टीतला माझ्या दृष्टीने मोठा भाग.

यावर आमच्या एका सरांचा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, "अडलंय म्हटलं की माफ, असं ठरलं तर कुणाचंच काम होणार नाही. रोज सगळे अडलेलेच!" पण अडणं आणि न बसणं यात फरक आहे, आणि तो ओळखायला डिटेक्टिव्ह लागत नाही. खरंच अडलेला माणूस सांगू शकतो, की मी हे केलं, मग ते केलं आणि इथे येऊन थांबलो. जो बसलाच नाही त्याच्याकडे ‘इथे’ नसतो. त्याला जरूर झापा. माझी हरकत दोघांना एकाच काठीने हाणण्याला आहे.

शिवाय विचारायची पद्धतही बदलायला हवी. "किती झालं?" हा प्रश्नच कुचकामी, कारण त्याला नव्वद हेच उत्तर येणार. "काय चालतंय ते दाखव" म्हणा. काम दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या तुकड्यांत पाडा आणि प्रत्येक तुकड्याला दोनच उत्तरं ठेवा, झालं किंवा नाही झालं. टेबलावरचा बल्ब लागला म्हणजे पंपाचा तुकडा झाला नाही. आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर नको. खोलीत जा, बोर्ड बघा. अंगठ्यावर भरवसा ठेवणारा लीडर मला तरी बघवत नाही.

स्टाफला एक विनंती. आपल्या प्रोजेक्टच्या लॉगबुकात दर आठवड्याला एकच रकाना असतो, ‘झालेले काम’. तो भरायचाच असतो, म्हणून आम्ही भरतो, आणि काय भरतो ते तुम्हालाही माहीत आहे. त्याच्या शेजारी ‘अडलेले काम’ असा दुसरा रकाना असू द्या. त्यात लिहिलेल्या गोष्टीवरून मार्क कापणार नाही, असं विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी वर्गात येऊन सांगावं. गाइड सरांच्या सहीबरोबर, ज्याने ती अडचण सोडवायला मदत केली त्याचीही सही तिथे घ्यावी, मग तो ज्युनियर असो की लॅबमधले काका. यंदाची लॉगबुकं छापून झाली आहेत हे मला ठाऊक आहे, पण पट्टी आणि पेन घेऊन प्रत्येक पानावर एक उभी रेघ मारायला आमच्या विंगला एक संध्याकाळ पुरे.