मानेवरची गाठ आणि परतलेला आजार

काही वर्षांपूर्वी अंबड तालुक्यातील एक गृहस्थ मानेवरची गाठ दाखवावयास आले. एचआयव्हीची औषधे ते नियमित घेत होते. अशी गाठ दिसली की आपल्याकडे प्रथम क्षयरोगच आठवतो. मलाही तोच आठवला. सुईने घेतलेल्या नमुन्यात निश्चित काही आढळले नव्हते, तरी मी क्षयाची औषधे सुरू केली. दोन महिन्यांत गाठ वाढली, रात्रीचा घाम थांबेना. अखेर संपूर्ण गाठ काढून तपासली, तेव्हा तो लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. ते दोन महिने माझ्या चुकीमुळे गेले.

केमोथेरपीने आजार हटला, पण वर्षभराने परतला. पत्नीने विचारले, “डॉक्टरसाहेब, एचआयव्ही असताना आता पुढचं कोण करील?”

प्रश्न अकारण नव्हता. एकेकाळी अशा रुग्णांना मूलपेशी प्रत्यारोपणापासून दूरच ठेवीत. मात्र अमेरिकेतील 40 एचआयव्हीबाधित लिम्फोमा रुग्णांवरील अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपणानंतर एक वर्षाने त्यांच्यातील जगण्याचे प्रमाण सुमारे 87 टक्के होते. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांशी तुलना करता लक्षणीय फरक आढळला नाही.

यात रुग्णाच्याच रक्तातील मूलपेशी गोळा करून गोठवतात. मग अतितीव्र केमोथेरपी देतात. तिने कर्करोगाबरोबर अस्थिमज्जाही होरपळते. त्यानंतर त्या पेशी शिरेवाटे परत देतात. साधारण दोन आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते. तोवर जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. परतलेला आजार केमोथेरपीला दाद देत असेल, तरच हा मार्ग खुला होतो.

एचआयव्हीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. झिडोव्हुडीन अस्थिमज्जेला दाबते, रिटोनाविर केमोथेरपीच्या काही औषधांत गुंतागुंत करते. म्हणून गोळ्या बदलाव्या लागल्यास तो निर्णय एआरटी केंद्र आणि कर्करोगतज्ज्ञांनी मिळून घ्यावा.

लंडनच्या रुग्णाचा एचआयव्ही प्रत्यारोपणाने गेला, हे अनेकांनी वाचले असेल. त्याला दुर्मीळ जनुकीय गुण असलेल्या दात्याच्या पेशी मिळाल्या होत्या. स्वतःच्या पेशींनी एचआयव्ही जात नाही. गोळ्या चालूच राहतात.

भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. केवळ एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे 2017 च्या कायद्याने निषिद्ध आहे. त्या बाईंना मी हेच सांगितले आणि चिठ्ठी लिहून दिली. मुंबईस जाताना गाठीचा अहवाल, सीडी-4 व व्हायरल लोडचे कागद आणि एआरटी केंद्राची पुस्तिका त्यांनी एकाच पिशवीत घातली.