टाकी कुणाच्या हातात होती?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे वाक्य आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी एकदा तरी ऐकू येतेच. टाळ्याही पडतात. पण या म्हणीत घाव सोसणाऱ्या दगडाचे कौतुक आहे. घाव घालणाऱ्या माणसाची आठवणही नाही. हे माझ्या ध्यानात आले ते मुंबईच्या राणीच्या बागेत.

यंदा इतिहास विभागाच्या सहलीत आम्ही भायखळ्याला गेलो. तेथील बागेत आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात इंग्रजी अमदानीतले पुतळे उघड्यावर ठेवले आहेत. १९६५ च्या सुमारास ते शहरातल्या चौकांतून हलवले गेले. ज्याच्यावरून ‘काळा घोडा’ हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा ब्राँझचा पुतळा तेथेच आहे. घडवला बोएमने, दिला अल्बर्ट ससूनने, उभारला १८७९ मध्ये. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबलचा. पैसा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा. चापेकर बंधूंनी १८९६ साली डांबर फासले ते याच पुतळ्याला. राज्य गेले, चौक गेले, तरी घडवणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाव शाबूत आहे.

त्याच परिसरात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला नेऊ पाहत होते, तेव्हा उचलताना तो पडून फुटला. १९१४ मध्ये ते तुकडे पुन्हा जोडले गेले. सारी हकीकत ठाऊक आहे. घडवणाऱ्याचे नाव तेवढे नाही.

मैत्रिणी घोड्यापुढे फोटो काढून पुढे गेल्या. मी हत्तीपाशी रेंगाळले. माझे वडील पाथरवट आहेत. पाटे-वरवंटे घडवून आठवड्याच्या बाजारात विकतात. घरोघर मिक्सर आल्यापासून धंदा बसला आहे. काळा दगड किती चिवट असतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. टाकी बोथट होते, ती भट्टीत तापवून पुन्हा धार काढावी लागते. उडालेल्या कपचीने वडिलांचा डावा डोळा अधू झाला आहे. त्या हत्तीपायी किती डोळे गेले असतील?

कोणी म्हणेल, आपल्याकडे कारागीर नाव कोरतच नसत. पण बेलूरच्या होयसळ मंदिरात दासोजासारख्या शिल्पकारांची नावे मूर्तींखाली आहेत. म्हणजे नाव लिहिण्याची रीत आपल्याला अगदीच परकी नव्हती.

घारापुरीची नावे आता मिळणार नाहीत, हे मला कळते. पण ‘हे लेणे कोणी कोरले?’ या प्रश्नाला परीक्षेत राजाचे नाव लिहून गुण मिळतात, हे तरी आपण थांबवू शकतो. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, शिल्पकला शिकवताना एक तास एखाद्या पाथरवटाला वर्गात बोलवावे. त्याला सनावळ्या येणार नाहीत, पण हत्तीचा कान दगडातून कसा सुटा झाला, हे तो सांगेल.

आणि दोष मला स्वतःलाही द्यायला हवा. प्रवेश अर्जातल्या ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात दोन्ही वर्षे मी ‘मजुरी’ असे लिहिले. लाज वाटली म्हणून. पुढच्या वर्षी ‘पाथरवट’ लिहीन.

– द्वितीय वर्ष, कला