बावन्न आठवड्यांचे व्रत

फलटणहून माझ्या भाचीने कळवले आहे : "मामा, पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला. पंधरा दिवस हौसेने फोटो काढले. आता तो कपाटात आहे. राममंदिर झाले, राजवाडा झाला. संपले की गाव! आता काढू तरी कशाचे?"

आणि त्याच पत्राच्या शेवटी, जाता जाता : "आपला वाडा पुढल्या दिवाळीनंतर पाडणार आहेत."

म्हणजे पाहा! ज्या घरात ही मुलगी लहानाची मोठी झाली, त्याचे एकच वर्ष उरले आहे, आणि हिला काढायला विषय नाही!

मी तिला एक व्रत सांगितले. आमच्या आईने सोळा सोमवार केले. हिने बावन्न आठवडे करावेत. पाडव्याला आरंभ. आठवड्याला विषय एकच. फोटो हवे तितके काढावेत, पण रविवारी रात्री त्यांतला एकच निवडावा, छापून वहीत चिकटवावा आणि खाली तारीख नि एक ओळ लिहावी. एखादा आठवडा चुकला तर हळहळत बसू नये; पुढचा धरावा. व्रत मोडते ते खाड्याने नव्हे, खाड्याचे निमित्त करून सोडून दिल्याने.

नेमाने काय साधते ते दादासाहेब फाळक्यांना विचारावे. आधी ते गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करीत. पुढे त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. त्यातून मिनिटभराची फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. ती पाहून त्यांना भांडवल मिळाले आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. विषय काय, तर वाटाणा! तो तर फलटणच्या मंडईतही मिळतो.

बावन्न आठवड्यांचे मी तेरा-तेराचे चार भाग पाडून दिले आहेत. पहिला भाग उजेडाचा. एकच खिडकी सकाळी, दुपारी, दिवेलागणीला पाहावी. भर उन्हात छिद्र एफ 16 वर ठेवावे आणि आयएसओ 100 असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एवढा आडाखा आरंभाला पुरतो. मार्गशीर्षात रामाचा रथ निघतो, तो याच भागात येईल. रथ सगळेच काढतात. हिने रथाकडे पाहणाऱ्यांच्या तोंडावरचे ऊन काढावे.

दुसरा भाग हातांचा : ऊसतोडणीचे, भाकरी थापणारे, सायकलचे पंक्चर काढणारे. मात्र आधी चार शब्द बोलावे, विचारावे, मग कॅमेरा उचलावा. तिसरा भाग हालचालीचा. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करीत फलटणला येते. वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. धावता घोडा स्थिर हवा तर शटर हजाराव्या भागावर न्यावे. वेग दिसायला हवा तर तिसाव्यावर उतरवून घोड्याबरोबर कॅमेरा फिरवावा. पहिले वीस फोटो बिघडतील. बिघडू द्यावेत.

चौथा भाग वाड्याचा. दारांच्या कड्या, माजघरातला झरोका, पायांनी झिजलेला उंबरा, आणि तुळशीपाशी बसलेल्या तिच्या आजी. वाडा शेवटी ठेवला तो मुद्दाम. नऊ महिन्यांत तिचा हात बसलेला असेल, आणि त्या वाड्याचे फोटो दुसऱ्यांदा काढता येणार नाहीत.

वाचकहो, तुमच्याही खिशात फोन आहे आणि त्यात कॅमेरा आहे. तुमच्याही घरात एखादी वस्तू, एखादे माणूस असे असेल, की जे पुढल्या दिवाळीला असेलच असे नाही. पाडव्याला आरंभ करा.

भाचीचे उत्तर आले आहे. "मामा, वही आणली. पण बावन्न पाने पुरायची नाहीत, आजी म्हणते माझेच दहा काढ."