फ्री थ्रीडी स्कॅन, एआयचा प्लॅन. पण तुमच्या दातांची फाइल कोणाकडे?

इन्स्टाग्रामवर एकदा 'दात सरळ करणे' शोधून बघा. पुढचा आठवडाभर अलाइनरच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. तारांची कटकट नाही, थ्रीडी स्कॅन फ्री, एआयने बनवलेला प्लॅन आणि काही महिन्यांनंतरचं तुमचं हसू आजच स्क्रीनवर! यातलं एआय खोटं नाही, ते बऱ्यापैकी चांगलं काम करतं. फक्त ते नेमकं कोणतं काम करतं हे जाहिरात सांगत नाही, आणि पैसे मात्र आधी भरायचे असतात.

सुरुवात स्कॅनपासून करू. पूर्वी दातांचं माप द्यायचं म्हणजे लगदा भरलेला ट्रे तोंडात धरून, उलटी दाबत बसायचं. आता जाडसर मार्करएवढा कॅमेरा तोंडात फिरवतात आणि काही मिनिटांत जबड्याचं थ्रीडी मॉडेल तयार होतं. ते बहुतेक वेळा एसटीएल फाइलमध्ये सेव्ह होतं. हा फॉरमॅट 1987 चा, थ्रीडी प्रिंटिंगसाठी बनवलेला. त्यात असतात फक्त त्रिकोण, एका जबड्याचे लाखभर सहज. साध्या एसटीएलमध्ये रंग नसतो, त्यामुळे काळी पडलेली कीड आणि पांढराशुभ्र दात दोन्ही सारखेच करडे दिसतात. कुठला त्रिकोण दाताचा आणि कुठला हिरडीचा, याचाही फाइलला पत्ता नसतो.

दात सरकवायचे तर आधी ते एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. पूर्वी टेक्निशियन माउसने एकेका दाताची कड आखत बसायचा. हे किचकट काम आता मशीन लर्निंग करतं. फोटोत पिक्सेल रांगेत असतात, म्हणून कॉम्प्युटरला फोटो शिकवणं तुलनेनं सोपं. थ्रीडी मॉडेलचे बिंदू मात्र कसेही विखुरलेले असतात, त्यांना रांग नाही की क्रम नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेल्या 'पॉइंटनेट'ने असे विखुरलेले बिंदू थेट वाचून दाखवले आणि मग दातांसाठी खास मॉडेल्सही आली. ती प्रत्येक त्रिकोणाला नंबर देतात. 13 म्हणजे वरचा उजवा सुळा, 38 म्हणजे खालची डावी अक्कलदाढ. तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर असतात तेच नंबर.

गडबड होते ती वेगळ्या तोंडांत. समजा, जागा करण्यासाठी तुमची एक लहान दाढ आधीच काढलेली आहे. शेजारची दुसरी लहान दाढ दिसायला जवळपास तशीच असते. मग 15 नंबरच्या दाढेला मॉडेल बिनधास्त 14 म्हणू शकतं. दात पडलेले, आडवे आलेले, अर्धवट तुटलेले, अशा तोंडांत चुका वाढतात. मॉडेल जे बघून शिकलं तेवढंच त्याला ठाऊक. 2022 च्या 'थ्रीडीटीथसेग' स्पर्धेसाठी खुला केलेला डेटा या क्षेत्रात खूप वापरला जातो. त्यात 900 रुग्णांचे 1800 स्कॅन आहेत आणि जवळपास 24 हजार दातांवर खुणा केलेल्या आहेत. पण रुग्ण मुख्यतः फ्रान्स आणि बेल्जियमच्या दवाखान्यांतले, आणि त्यातले सुमारे 70 टक्के 16 वर्षांखालचे. तंबाखू-गुटख्याने झिजलेले पन्नाशीतले दात अशा डेटात किती असतील, तुम्हीच विचार करा.

तरी माझ्या मते खरा धोका चुकीच्या नंबरचा नाही, तो डॉक्टरला दिसतो आणि दुरुस्त होतो. धोका आहे न दिसणाऱ्या भागाचा. स्कॅनर फक्त हिरडीच्या वरचं बघतो. मुळं किती लांब आहेत, पायरियाने हाड किती खाल्लंय, हे त्या करड्या मॉडेलमध्ये नसतंच. त्यासाठी एक्स-रे लागतो. हाड कमी असताना दात ढकलले तर ते हलायला लागतात. स्क्रीनवरच्या ॲनिमेशनमध्ये मात्र ते लोण्यातून सरकल्यासारखे जागेवर जातात. ते ॲनिमेशन म्हणजे कंपनीचा इरादा आहे, तुमच्या हाडाची हमी नाही.

आणि कंपनीच राहिली नाही तर? अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब आठवा. 2014 ची कंपनी. घरबसल्या माप आणि पोस्टाने अलाइनर हा तिचा धंदा. 2019 मध्ये शेअर 23 डॉलरने बाजारात आला. 2023 मध्ये तिने फोनच्या कॅमेऱ्यातून एआयने दात स्कॅन करणारं ॲपही आणलं. त्याच सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज आणि डिसेंबरमध्ये शटर डाउन. उपचार अर्धवट असलेल्यांना सांगितलं, जवळच्या डेंटिस्टकडे जा. 'आयुष्यभराची' गॅरंटी संपली, पण हप्ते भरत राहा असंही कळवलं.

आपल्याकडेही घरी येऊन स्कॅन करणाऱ्या आणि ईएमआयवर अलाइनर विकणाऱ्या कंपन्या आहेत, म्हणून हा प्रश्न दूरचा नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपल्या डेटाची माहिती मागण्याचा, तो दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण आपला डेटा उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क, जो 2019 च्या विधेयकात होता, तो या कायद्यात आलाच नाही. सिम बदलताना नंबर पोर्ट होतो, दातांचं मॉडेल पोर्ट करून द्यायला मात्र कायदा कोणाला भाग पाडत नाही.

त्यामुळे पहिला हप्ता भरण्याआधीच एसटीएल फाइल मागून घ्या, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनही चालेल. प्लॅन कोणत्या नोंदणीकृत डेंटिस्टने तपासला, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. एक्स-रे न काढताच प्लॅन 'फायनल' झाला असेल तर तिथेच थांबा. फाइल मिळाली की एखाद्या मोफत एसटीएल व्ह्यूअरमध्ये उघडा आणि बोटाने फिरवून उलटी करून बघा. वरून दात हुबेहूब तुमचेच असतील, खालून मात्र सगळं पोकळ.